फोटोच्या कडेची माणसे

गांधीबागेच्या कापडबाजारात, ठोक दुकानांच्या वरच्या मजल्यावर, आमच्या संघटनेची एक खोली आहे. एक टेबल, चार खुर्च्या, भिंतीवर पुढाऱ्यांच्या तसबिरी आणि कोपऱ्यात पत्र्याची पेटी. पेटीवर कोणी एके काळी रंगाने 'जुने कागद' असे लिहून ठेवले आहे; पण आत कागद थोडे आणि फोटोच फार. गिरणीच्या फाटकावरील सभा, मोर्चे, साखळी उपोषणे, निवृत्त होणाऱ्यांचे हारतुरे, कापडाच्या गाठीवर हात ठेवून उभे असलेले हमाल, एका अंत्ययात्रेचे दोन फोटो. २०१२ साली आम्ही या पेटीला हात घातला त्याचे कारण इतिहासाचे प्रेम नव्हे, वाळवी होय. तळाच्या फोटोंना ती लागली होती. मग एका कार्यकर्त्याच्या मुलाने स्कॅनर आणला आणि जे वाचले होते ते संगणकात गेले.

तेव्हापासून दर रविवारी आम्ही दोन कामे करीत आलो आहोत. एक, फोटो नीट करणे. म्हणजे डाग काढणे, उजळणे, कापणे. दुसरे, फोटो लावून ठेवणे. म्हणजे कोण, कुठे, केव्हा हे लिहून तो पुन्हा सापडेल असे करणे. पहिल्या कामाचे लोकांना मोठे कौतुक. मळका फोटो पडद्यावर स्वच्छ होताना पाहिला की बघणारा 'वा!' म्हणतो. दुसऱ्या कामाला 'वा!' कोणी म्हणत नाही. पण आमचा अनुभव असा की, इतिहास राहतो तो दुसऱ्या कामाने, आणि पहिल्या कामाने तो पुष्कळदा जातो. हे दोन्ही उद्योग संगणकाने जन्माला घातले असे मात्र कोणी समजू नये. ते फोटोच्याच वयाचे आहेत, आणि त्यांची मागची हकीकत सांगितल्याखेरीज आमचा मुद्दा उभा राहावयाचा नाही.

१८३९ साली पॅरिसमध्ये दागेरच्या पद्धतीची घोषणा झाली. त्यानंतर पंधरा वर्षांनी, १८५४ साली, मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली. डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी ही आपली माणसे तीत होती. नारायण दाजींनी तर स्वतः छायाचित्रकार म्हणून नाव मिळविले. म्हणजे ही कला आपल्याकडे उशिरा आली अशी तक्रार करण्यास जागा नाही. तक्रार आहे ती फोटोखालच्या ओळीबद्दल. १८६८ ते १८७५ या काळात 'द पीपल ऑफ इंडिया' या नावाचे आठ खंड सरकारी आश्रयाने निघाले. हिंदुस्थानातील लोकांचे फोटो आणि त्यांची वर्णने असा तो प्रचंड उद्योग. १८५७ च्या उठावानंतर राज्यकर्त्यांना प्रजा ओळखून ठेवण्याची निकड वाटू लागली होती. त्या खंडांतले बहुतेक फोटो पाहा: समोर एक माणूस बसला आहे, त्याचे डोळे आपल्याकडे लागले आहेत, आणि खाली त्याच्या जातीचे किंवा जमातीचे नाव आहे. त्याचे स्वतःचे नाव नाही. फोटो लावून ठेवण्याची ही देखील एक पद्धतच होती आणि मोठी शिस्तीची होती. पण ती लावणाऱ्याच्या सोयीची होती. फोटोतल्या माणसाला तिच्यात जागा नव्हती.

आता आमच्या गिरणीकडे येऊ. जमशेटजी टाटांची एम्प्रेस गिरणी १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली. त्याच दिवशी व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर करण्यात आले, म्हणून गिरणीला ते नाव. २००२ साली ती बंद पडली. गांधीबागेहून पायी जाण्याच्या अंतरावर, गांधीसागर तलावापाशी, तिच्या जागेवर आता मोठा मॉल उभा आहे. सव्वाशे वर्षे भोंग्यावर या भागातले चहाचे आधण चढत असे. त्यातले आज दिसण्यासारखे जे उरले त्यात हे फोटो येतात.

ग्रुपफोटोची एक वर्णव्यवस्था असते. मधे खुर्च्या, खुर्च्यांवर साहेब आणि पाहुणे. मागे उभे राहिलेले कारकून, जॉबर, पदाधिकारी. पुढे जमिनीवर मांडी घालून बसलेले कामगार. आणि खाली पट्टीवर 'खुर्चीवर बसलेले, डावीकडून उजवीकडे' असे म्हणून नावे. उभ्या रांगेची नावे कधी असतात, कधी नसतात. जमिनीवरच्या रांगेची आम्ही अजून एकाही पट्टीवर पाहिली नाहीत. आणि हे केवळ मालकांनी केले असे म्हणाल तर ते खोटे होईल. १९२९ साली ऑल इंडिया ट्रेड युनियन काँग्रेसचे अधिवेशन याच नागपुरात भरले. जवाहरलाल नेहरू अध्यक्ष होते. व्हिटली कमिशनवर बहिष्कार घालावा की नाही, अशा प्रश्नांवरून तेथे फूट पडली आणि ना. म. जोशी, व्ही. व्ही. गिरी आदी मंडळी बाहेर पडली. कामगार चळवळीच्या कोणत्याही पुस्तकात ही नावे सापडतील. त्या मांडवात सतरंज्या कोणी घातल्या, पाणी कोणी भरले, हे कोणत्या पुस्तकात सापडेल? आमच्या पेटीतले फोटो पुढच्या काळातले. पण त्यांची तऱ्हा तीच. टेबलावर उभे राहून बोलणाऱ्याचे नाव मागे ठळक अक्षरांत असते, आणि ऐकणाऱ्यांसाठी एकच शब्द: 'जनसमुदाय'.

हे झाले लावून ठेवण्याचे. नीट करण्याचा इतिहासही असाच लांब आहे. संगणक येण्यापूर्वी प्रत्येक बऱ्या स्टुडिओत रिटचिंग करणारा एक कारागीर असे. तिरक्या मेजावर काच, काचेखाली उजेड, काचेवर निगेटिव्ह आणि हातात सुईसारखी टोकदार शिसपेन्सिल. निगेटिव्हमध्ये काळे ते कागदावर पांढरे होते. म्हणून सुरकुतीवर, देवीच्या वणावर पेन्सिलीचे बारीक ठिपके दिले की छापताना चेहरा गुळगुळीत आणि गोरा निघे. लग्नाच्या बाजारासाठी किती सावळ्या मुली या पेन्सिलीने गोऱ्या केल्या याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. हे काम डोळे जाणारे होते. त्या कारागिरांना आम्ही दोष देत नाही. गिऱ्हाईक मागे ते देत.

पण तीच पेन्सिल आणि तोच ब्रश सत्तेच्या हाती गेला म्हणजे काय होते? ५ मे १९२० रोजी मॉस्कोत लेनिन लाकडी व्यासपीठावरून बोलत असतानाचा फोटो प्रसिद्ध आहे. मूळ फोटोत व्यासपीठाच्या पायऱ्यांवर ट्रॉट्स्की आणि कामेनेव्ह उभे आहेत. स्टालिनच्या काळात तोच फोटो छापला जाऊ लागला तेव्हा पायऱ्या होत्या, माणसे नव्हती. पुढे येझोव्ह या गुप्त पोलिसांच्या प्रमुखाचीही तीच गत झाली. कालव्याकाठी तो स्टालिनच्या शेजारी चालत होता, तेथे नंतरच्या फोटोत नुसते पाणी दिसते. आम्ही लाल झेंड्याखाली वाढलो, म्हणून हे उदाहरण मुद्दाम सांगतो. फोटोतून माणूस काढणे हे काम भांडवलदारांनीच केले असे सांगता आले असते तर आम्हांला बरे वाटले असते.

यानंतर फोटोचा आकडा झाला. १९५७ साली अमेरिकेत रसेल कर्श यांनी आपल्या तान्ह्या मुलाचा फोटो यंत्राखाली धरून तो संगणकात उतरविला; १७६ ठिपके आडवे, १७६ उभे, एवढाच त्याचा पसारा. १९७५ साली कोडॅक कंपनीतल्या स्टीव्हन सॅसन यांनी फिल्मशिवाय चालणारा कॅमेरा जुळविला. एक फोटो कॅसेटवर उतरायला तेवीस सेकंद लागत. ज्या कंपनीत तो जन्मला तिलाच त्याने पुढे खाल्ले. १९८८ च्या सुमारास जगभर लाखावर नोकरवर्ग असलेल्या कोडॅकने जानेवारी २०१२ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. आपल्याकडे उटीला १९६० साली सरकारने हिंदुस्थान फोटो फिल्म्स हा कारखाना काढला होता. त्याची 'इंदू' फिल्म अनेकांच्या हातून गेली असेल. उदारीकरणानंतरची आयात आणि तिच्या पाठीमागून आलेला डिजिटल कॅमेरा यांपुढे तो टिकला नाही. तिथल्या कामगारांचे आणि इतवारी-महालातल्या डार्करूममध्ये बोटे पिवळी केलेल्या माणसांचे काय झाले, हा एका स्वतंत्र व्याख्यानाचा विषय आहे. असो.

१९८७ साली थॉमस नोल या विद्यार्थ्याने संगणकाच्या पडद्यावर फोटो दाखविणारा एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. भाऊ जॉन चित्रपटांच्या करामती करणाऱ्या कंपनीत होता. दोघांनी मिळून तो वाढविला आणि फेब्रुवारी १९९० मध्ये अडोबी कंपनीने तो 'फोटोशॉप' म्हणून बाजारात आणला. रिटचिंगवाल्याचे मेज, पेन्सिल, कातर, ब्रश, सगळे एका चौकटीत आले. फरक वेगाचा. ज्याला दिवस लागे त्याला मिनिट लागू लागले, आणि ज्याला पूर्वी हात वळावा लागे ते कोणालाही येऊ लागले. २७ जून १९९४ च्या 'टाइम' साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर खुनाच्या आरोपात पकडलेल्या ओ. जे. सिम्प्सन या कृष्णवर्णीय खेळाडूचा पोलिसी फोटो होता. तो मुळापेक्षा काळा केलेला होता. 'न्यूजवीक'ने त्याच आठवड्यात तोच फोटो न बदलता छापला, म्हणून चोरी उघडी पडली. आमच्याकडची पेन्सिल गोरे करीत होती, तिकडच्या संगणकाने काळे केले. माणसाच्या रंगाला हात लावण्याचा मोह मात्र दोन्हीकडे एकच.

येथवर दुसऱ्यांची पापे सांगितली. आता आमचे सांगतो.

२००४ साली संघटनेची स्मरणिका निघाली. तीत गिरणीच्या फाटकावरील एका सभेचा फोटो घालावयाचे ठरले. सत्तरच्या दशकातला फोटो. डाव्या अंगाला टेबलावर उभे राहून बोलणारे पुढारी, मधे गर्दी, आणि उजव्या कडेला रिळिंग-वाइंडिंग खात्यातल्या चार बाया. एकीच्या कडेवर मूल. हा फोटो कित्येक वर्षे खोलीच्या भिंतीवर होता. स्मरणिकेची जागा दोन स्तंभांची, फोटो आडवा. जुळणी करणाऱ्या मुलाने विचारले, "काय करू?" आम्ही उभ्या उभ्या सांगितले, "उजवीकडचे काप. भाषण करणारा मोठा दिसू दे." त्याने कापले आणि त्याच नावाने जतन केले. अस्सल स्कॅन त्यावरच पुसला गेला. कागदाचा फोटो त्या धावपळीत हरवला, तो आजतागायत मिळालेला नाही. हा निर्णय घेण्यास आम्हांला अर्धे मिनिटही लागले नाही.

याचा उलगडा व्हायला पुष्कळ वर्षे गेली. दरम्यान पेटीचे काम सुरू झाले आणि आम्ही दुसरी विद्या हळूहळू शिकलो. ती सांगतो, कारण आपल्यापैकी प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये आज आमच्या पेटीपेक्षा जास्त फोटो असतील.

डिजिटल फोटोच्या पोटात फोटोखेरीज एक चिठ्ठीही असते. कॅमेरा स्वतः तीत तारीख, वेळ, भिंगाची माहिती लिहितो. या पद्धतीला एक्झिफ म्हणतात आणि ती १९९५ च्या सुमारास जपानी उत्पादकांच्या संस्थेने बसविली. वृत्तपत्रांच्या आंतरराष्ट्रीय मंडळाने नव्वदीच्या दशकात तिच्या जोडीला मथळा, स्थळ, फोटो काढणाराचे नाव यांचे रकाने ठरवून दिले. पहिली चिठ्ठी यंत्र भरते, दुसरी माणसाने भरावयाची. म्हणून पहिली नेहमी भरलेली आणि दुसरी बहुधा कोरी असते. आणि यंत्राने भरलेली खरीच असेल असेही नाही. आमचे सगळे जुने फोटो आरंभी संगणकाने २०१२ सालचे म्हणून लावले, कारण ते त्या साली स्कॅन झाले होते. बोनसच्या जुन्या लढ्याचा मोर्चा आणि एका कार्यकर्त्याच्या नातवाचे बारसे एका रांगेत आले. एका दाव्यात आम्ही असा एक फोटो पुढे केला तेव्हा समोरच्या वकिलांनी विचारले की, ही तारीख कोणी लिहिली? आमच्यापाशी उत्तर नव्हते. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागते हे तेव्हा कळले. २००० साली पुरावा कायद्यात त्यासाठी ६५-ब हे कलम आले होते आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचे कलम ६३ त्याच्या जागी आहे. घरच्या फोटोला याची गरज नाही म्हणाल. पण वारसाचा वाद घरातच होतो.

सुरुवातीला आम्ही एका फुकट मिळालेल्या प्रोग्रॅममध्ये दोनशेवर नावे भरली. नावे फोटोत न जाता संगणकाच्या एका वेगळ्या फाइलीत जात होती, हे आम्ही पाहिले नाही. संगणक बिघडला, दुरुस्तीत पुसला गेला. फोटोंची प्रत दुसरीकडे होती ती आली, नावे आली नाहीत. त्यानंतर एक मुलगा 'डिजीकॅम' घेऊन आला. रेंची राजू यांनी २००१-०२ च्या सुमारास सुरू केलेला हा प्रोग्रॅम कोणालाही मोफत वापरता येतो, आणि पुढे अनेक देशांतल्या माणसांनी तो आपापल्या फावल्या वेळात वाढविला आहे. वर्गणीवर चालणाऱ्या संघटनेला असा प्रोग्रॅम परवडतो, आणि सहकाराने उभारलेला म्हणून आवडतोही. त्यात नावे फोटोच्याच चिठ्ठीत लिहिता येतात, देवनागरीत लिहिता येतात, आणि शोधताना 'हमाल' लिहिले की हमाल निघतात.

अशा नव्या प्रोग्रॅमांतली आणखी एक गोष्ट आम्हांला पटली. ती म्हणजे, फोटो उजळला, कापला, तरी मूळ तसेच ठेवायचे आणि काय बदल केला त्याची यादी निराळी लिहावयाची. हजेरीपट सांभाळलेल्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. पटावर खाडाखोड करावयाची नाही. शेरा शेऱ्याच्या रकान्यात. वीस वर्षांपूर्वी ही रीत आम्हांला ठाऊक असती तर त्या चार बाया आज फोटोत असत्या.

रविवारी सकाळी निवृत्त कामगार येतात. एक फोटो पडद्यावर लावतो, चेहरा मोठा करतो, आणि मग बोलणे सुरू होते. संगणक चेहरे ओळखतो असे म्हणतात. तो एका बापाला आणि त्याच्या मुलाला एकच माणूस ठरवून मोकळा झाला. दोन फोटोंत पंचवीस वर्षांचे अंतर होते. म्हातारे निराळ्या खुणांनी ओळखतात. साच्यात गेलेले बोट, टोपी कलती घालण्याची सवय, सायकलच्या दांडीला बांधलेला डबा. "हा बदलीवाला, बारा वर्षे बदलीच राहिला," असे एकाने सांगितले, आणि नोंदीत ते तसेच लिहिले. पाठमोऱ्या माणसाचे नावसुद्धा आम्हांला मिळाले आहे.

चालू काळातल्या मोर्चांच्या फोटोंत मात्र आम्ही नावे घालीत नाही, आणि घातली तर तो फोटो खोलीबाहेर जाऊ देत नाही. जो प्रोग्रॅम हरवलेला बाप शोधून देतो तोच संपात कोण कोण होते हेही शोधून देईल. चिठ्ठीत कधी कधी जागेचे अक्षांश-रेखांशही असतात. फोटो पाठविताना ती चिठ्ठी काढून टाकावी, आणि ठेवावयाच्या प्रतीत जपून ठेवावी, असा आमचा परिपाठ आहे. यात विसंगती आहे असे कोणी म्हटले तर आम्ही ते नाकारीत नाही. मेलेल्यांची नावे राहावीत आणि जिवंतांच्या नोकऱ्याही राहाव्यात, एवढीच खटपट आहे.

मागच्या पावसाळ्यात एका रविवारी पन्नाशीचे एक गृहस्थ जिना चढून आले. रिक्षा चालवितात. आई रिळिंगला होती, ती वारली. घरात तिचा फोटो म्हणजे गेटपासवरचा, तोही पुसट झालेला. पण आई सांगत असे की, युनियनच्या खोलीत आपला फोटो आहे, फाटकावरच्या सभेतला, कडेवर तू होतास. लहानपणी त्यांनी तो भिंतीवर पाहिलाही होता. आम्ही ओळखले. स्मरणिकेतला तो फोटो पडद्यावर लावला आणि उजवी कड मोठी केली. कापताना तिथे एक कोपर आणि मनगटाचा तुकडा राहून गेला होता, मनगटात बांगड्या. आम्ही म्हटले, एवढेच आहे. काय झाले तेही सांगितले.

ते बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "हा आईचा हात नाही. तिच्या हातात मी होतो. ही तिच्या शेजारची असेल. आई इकडे," आणि त्यांनी पडद्याच्या बाहेर, टेबलावरच्या पाण्याच्या तांब्याकडे बोट दाखविले.

त्या दिवशी त्या फोटोच्या मथळ्याच्या रकान्यात आम्ही त्यांच्या आईचे नाव लिहिले, खाते लिहिले आणि पुढे 'उजव्या कडेला, फोटोबाहेर. कडेवर मुलगा' असे लिहिले. मुलाचे नाव त्यांनी स्वतः टंकले. एका बोटाने, वेळ लागला. कोपराच्या पुढे 'नाव मिळालेले नाही' अशी नोंद आहे. रिळिंगला काम केलेल्या कोणी या सभेत असतील, किंवा त्यांची मुले असतील, तर रविवारी दहा ते एक आम्ही खोलीवर असतो. जिन्याला कठडा नाही, जपून यावे.